सोनेरी शिक्का सिंहाला, रुपेरी आमच्या पोरांना

संपादकाने या अंकासाठी कविता मागितली होती. देत नाही. कविता ढीगभर झाल्यात. आपल्या पोरांना कविता आणि भाषण सोडून तिसरं काही सुचतच नाही की काय, असं वाटायला लागलंय. मी स्वतः कविता लिहितो म्हणून हे बोलायची हिंमत करतोय. आज एका चित्रकाराबद्दल लिहितो. अमेरिकेतला काळा माणूस. लहान पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. जेरी पिंकनी त्याचं नाव. २०२१ च्या ऑक्टोबरात गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी.

हसू नका. मागच्या बैठकीत हसलात तेवढं पुरे.

झालं असं की आमच्याकडे एका मंगल कार्यालयात किलोच्या भावाने इंग्रजी पुस्तकं विकायला आली होती. तिकडच्या वाचनालयांनी काढून टाकलेला माल. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, तुटलेले धागे जोडतो. तिसरी पाळी संपवून, नाकाकानात कापसाचा धुरळा घेऊन तसाच तिथं गेलो. इंग्रजी मला येतं ते मशिनवरच्या पाटीपुरतं. म्हणून चित्रांचीच पुस्तकं चाळत बसलो. एकाच्या तोंडावर नुसता सिंहाचा चेहरा. पुस्तकाचं नाव नाही, करणाऱ्याचं नाव नाही. एक गोल सोनेरी शिक्का तेवढा. उघडलं तर आतही गोष्टीला शब्द नाहीत. घुबडाचा घुत्कार, उंदराचं चिरकणं, सिंहाची डरकाळी, असल्या आवाजांचीच अक्षरं. बाकी सगळं चित्र. सिंहाने उंदराला सोडलं, उंदराने सिंहाचं जाळं कुरतडलं. उभ्या उभ्या वाचून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कुणालाही न विचारता वाचलं.

ते पिशवीत घालून बैठकीला आलो. एक साथी म्हणाला, वस्त्यांवर हल्ले होतायत आणि हा सिंह-उंदीर घेऊन बसलाय. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. नंतर चार दिवसांनी शहरात एका व्याख्यानाला गेलो. तिथं एका पांढऱ्याशुभ्र गृहस्थांनी तेच पुस्तक माझ्या हातात पाहिलं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "बघा, याला म्हणतात गुणवत्ता. काळा माणूस असून तिथलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालंच ना? कलेला जात नसते, रंग नसतो."

आपला साथी म्हणतो हे काम फालतू आहे. गृहस्थ म्हणतात या कामात भांडण नाहीच. मला दोघांशी भांडायचंय. त्यासाठी महिनाभर मोबाइलवर शब्दाला शब्द जुळवत बसलो, कॉलेजातल्या एका दोस्ताचं डोकं खाल्लं.

आधी माणूस कोण ते ऐका. जन्म २२ डिसेंबर १९३९, फिलाडेल्फिया शहरात, जर्मनटाऊन नावाच्या भागात, काळ्यांच्या गल्लीत. बाप हरकाम्या: सुतारकी, रंगकाम, जे मिळेल ते. घरात सहा भावंडं. शाळेत याला अक्षरं नीट लागायची नाहीत. वाचनात मागे पडायचा. आज त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, तेव्हा त्या पोराला हा शब्द कुणी सांगितला नव्हता. आपल्याकडे अशा पोराला काय म्हणतात ते सांगायला नको. पोरगा वर्तमानपत्रं विकायच्या ठेल्यावर बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की जाणारा-येणारा माणूस वहीत काढायचा. जॉन लायनी नावाच्या व्यंगचित्रकाराने ते पाहिलं आणि त्याला आपल्या स्टुडिओत बोलावलं. पुढे हायस्कूलात शिष्यवृत्तीचे अर्ज काळ्या पोरांच्या हातात आपसूक येत नव्हते. हा स्वतः उठून गेला आणि अर्ज घेऊन आला, आपल्या मित्रांसाठीही आणले. १९५७ साली फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयात पूर्ण शिष्यवृत्तीवर शिरला. तिथलं शिक्षण पुरं झालं नाही. लग्न झालं, पोट आलं. फुलांच्या दुकानात काम केलं. मग बोस्टनकडे शुभेच्छापत्रं छापणाऱ्या कंपनीत नोकरी. १९६४ साली पहिलं पुस्तक, पश्चिम आफ्रिकेतल्या कोळ्याच्या लोककथांचं. तिथून मरेपर्यंत हात थांबला नाही. शंभरावर पुस्तकं.

तो १९६४ चा काळ लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या सप्टेंबरात, नॅन्सी लॅरिक या गोऱ्या बाईने 'सॅटरडे रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. तिने मोजमाप केलं होतं. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली मुलांची ५,२०६ पुस्तकं. त्यांतल्या किती पुस्तकांत एक तरी काळा माणूस दिसतो? ३४९. शंभरात सातसुद्धा नाहीत. आणि त्यातही गुलाम, नोकर, जुन्या काळातले आणि परदेशातले वगळून, आजच्या अमेरिकेत जगणारा काळा माणूस शोधला तर शंभरात एकही पुस्तक भरत नाही. लेखाची सुरुवातच एका पाच वर्षांच्या काळ्या पोरीच्या प्रश्नाने आहे. पुस्तक बघता बघता तिने विचारलं होतं, की यात नेहमी गोरीच पोरं का असतात.

हे वाचलं आणि मला माझ्या ताईची पोर आठवली. सहा वर्षांची. चौदा एप्रिलला बाबासाहेबांचं चित्र काढत होती. निळा कोट झाला, लाल टाय झाला, पुस्तक झालं. मग तिने फिका गुलाबी खडू उचलला आणि तोंड भरायला लागली. म्हटलं, "बाळा, हा कुठला रंग?" म्हणाली, "मामा, हा स्किन कलर हाय." शाळेतली सगळी पोरं त्या खडूला तसंच म्हणतात म्हणे. मी माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मामाला एवढंही कळत नाही. कातडीचा रंग म्हणजे खडूचा रंग. आपली कातडी म्हणजे नुसती आपली कातडी.

सांगा, कुठल्या मोर्चात उत्तर द्यायचं याला? कुठल्या कवितेत? पोरगी अजून जोडाक्षरं वाचत नाही. पण तिच्या डोळ्यांत मनू बसून गेलाय, आणि तो चित्रातून आलाय.

माझंही सांगतो. शाळेत 'माझे घर' हे चित्र काढायला सांगितलं होतं. मी पत्र्याचं घर काढलं, दारात पाण्याचा निळा पिंप, पत्र्यावर वारा लागू नये म्हणून ठेवलेले दगड आणि फाटकं टायर. गुरुजींनी दहापैकी चार दिले. म्हणाले, घराला कौलं हवीत, मागे दोन डोंगर, मधून सूर्य. पुढच्या वेळी मी डोंगर काढले. आमच्याकडे वीस कोसांत डोंगर नाही. आठ गुण मिळाले.

पिंकनीने डोंगर काढले नाहीत. मला त्याचं हेच पटलंय. तो काळी माणसं मनातून, ठोकळेबाज काढायचा नाही. घरच्यांना, शेजाऱ्यांना कपडे चढवून समोर उभं करायचा, त्यांचे फोटो घ्यायचा आणि त्यावरून काढायचा. म्हणून त्याच्या चित्रात काळा म्हणजे एक रंग नाही. गव्हाळ, तांबूस, कोळशासारखा, मधासारखा, एकेका चेहऱ्यात चार छटा. पेन्सिलीची मूळ रेघ वरच्या जलरंगातून दिसत राहते. खोडून साफ करत नाही. हात कुठं फिरला ते दिसू देतो.

'जॉन हेन्री' बघा. १९९४ चं पुस्तक, मजकूर ज्युलियस लेस्टरचा. तोही काळा, नागरी हक्कांच्या लढ्यातला माणूस. जॉन हेन्री हा त्यांच्या लोकगीतांतला कामगार, रेल्वेसाठी डोंगर फोडणारा. मालक वाफेचं ड्रिल आणतो. हा हातोडा घेऊन मशिनशी पैज लावतो. जिंकतो आणि तिथंच मरतो. गिरणीतल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे आधी तीन माणसं जेवढे साचे बघायची तेवढे आता एक बघतो, आणि त्या एकालाही गेटावर उद्या घेतील का हे ठाऊक नसतं. पण मी सांगतोय ते चित्राचं. दगडाच्या धुळीत उभा राहिलेला तो काळा माणूस पिंकनीने बिचारा काढलेला नाही. दयेचा एक थेंब नाही त्यात. आपल्या पुस्तकांत कष्टकरी येतो तो वाकलेला, घाम पुसणारा, वर 'श्रमाचे महत्त्व' असं काहीतरी लिहिलेलं. इथं माणूस सरळ उभा आहे आणि काम त्याच्यापुढे छोटं दिसतंय.

'मिंटी' हे १९९६ चं. हॅरिएट टबमन, जिने शेकडो मैल अंधारातून चालत गुलामांना स्वातंत्र्यात नेलं, तिचं बालपण. पळायला लागणारी माहिती बाप तिला रानात शिकवतो, आकाशातला ध्रुवतारा दाखवतो. याच टबमनचं चित्र पिंकनीने १९७८ साली अमेरिकन टपाल तिकिटासाठी काढलं होतं, तेरा सेंटांचं. तिकडच्या तिकिटावर आलेली ती पहिली काळी बाई. म्हणजे टपालात पत्रावर आणि घरात पोराच्या उशाशी, दोन्हीकडे एकाच हाताने तिला नेऊन ठेवलं. आणि 'गोइन समप्लेस स्पेशल' नावाचं पुस्तक आहे, मजकूर पॅट्रिशिया मकिसॅकचा. १९५० नंतरचं नॅशव्हिल शहर. एक काळी पोरगी एकटी निघालीय. बसमध्ये मागे बस, बागेतल्या बाकावर बसू नको, हॉटेलात पाऊल टाकू नको. पोचते कुठे? सगळ्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक वाचनालयात. महाडच्या तळ्याचं पाणी आपण भाषणात किती वेळा पितो! एका पोरीच्या चपलांनी त्या तळ्यापर्यंत चालत जाणारं चित्रांचं पुस्तक आपल्यातल्या किती जणांनी काढायला घेतलंय?

आता त्या गृहस्थांच्या गुणवत्तेकडे येतो.

अमेरिकेत चित्रपुस्तकासाठी कॅल्डेकॉट नावाचं पदक आहे. १९३८ पासून देतात. पहिल्याला सोनेरी शिक्का, मागोमागच्यांना मानाचा रुपेरी शिक्का. पिंकनीला रुपेरी शिक्के पाच मिळाले. १९८९, १९९०, १९९५, २०००, २००३. पहिली तीन पुस्तकं काळ्या माणसांची: वाऱ्याबरोबर नाचणारी मिरँडी, बोलकी अंडी मिळालेली पोर आणि आपला जॉन हेन्री. चौथं कुरूप बदकाचं पिलू, पाचवं बायबलातला नोहा. सोनेरी शिक्का आला २०१० साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पहिल्या पुस्तकानंतर ४६ वर्षांनी. कुठल्या पुस्तकाला? सिंह आणि उंदीर. मिरँडीला रुपं, जॉन हेन्रीला रुपं, सिंहाला सोनं.

एकट्याच्या नावावर हे पदक मिळवणारा तो पहिला काळा माणूस. पदक सुरू झाल्यावर ७२ वर्षांनी पहिला. त्याआधी लिओ डिलन होता, पण त्याचं नाव गोऱ्या बायकोच्या, डायनच्या नावाबरोबर. दोघं मिळून काढायचे, १९७६ आणि १९७७ साली दोघांना मिळालं. एक पुस्तक आफ्रिकेतल्या डासाचं, एक आफ्रिकेतल्या जमातींचं. अमेरिकेतल्या गल्लीत राहणारं काळं पोर सोनेरी शिक्क्यावर पहिल्यांदा कधी आलं? १९६३ ला, 'द स्नोई डे' मध्ये. लाल कपड्यातला, बर्फात खेळणारा पीटर. काढणारा एझ्रा जॅक कीट्स, गोरा. माणूस भला, गरीब ज्यू घरातला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अमेरिकेतलं काळं पोर काळ्या माणसाने काढलं आणि त्याला सोनं मिळालं, हे व्हायला २०१७ उजाडलं. जावाका स्टेप्टोने काढलेलं बास्किया या चित्रकाराचं बालपण. मोजा बोटांवर. १९३८ ते २०१७.

पदक देणाऱ्यांच्या मनात काय होतं ते मी सांगत नाही. मला ठाऊक नाही. मी शिक्के मोजतोय. कलेला रंग नसता तर हे मोजायची वेळ आली नसती.

आणि हेही सांगतो की सिंहाचं पुस्तक थोर आहे. मी ते परत करणार नाही. शेवटी सिंहाचं अख्खं कुटुंब चाललंय आणि सिंहाच्या पाठीवर उंदराची पिल्लं बसलीत, हे चित्र बघून मी रडलोय, लाज कसली. माझा राग पुस्तकावर नाही. ते दाखवून बाकीच्या पुस्तकांचं तोंड बंद करणाऱ्यांवर आहे.

काळे लोक त्या ७२ वर्षांत वाट बघत बसले नव्हते. १९६९ साली ग्रंथपालांनी कोरेटा स्कॉट किंग हिच्या नावाने आपलं वेगळं पारितोषिक उभं केलं. पिंकनीला ते चित्रांसाठी पाच वेळा मिळालं: १९८६, १९८७, १९८९, १९९७, २००२. गोऱ्यांनी दखल घ्यायच्या आधी घरच्यांनी घेतली. आपणही १९५८ साली मुंबईत वेगळं साहित्य संमेलन भरवलंच की. पण त्यांनी त्यांच्या पारितोषिकात मुलांचं पुस्तक पहिल्या रांगेत बसवलं. आपण पहिल्या रांगेत कुणाला बसवलं? कवीला. म्हणजे मला.

एक गंमतही ऐका. २०१६ साली त्याला जीवनभराच्या कामासाठी लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या नावाचं पारितोषिक मिळालं. त्या बाईंच्या पुस्तकांत आदिवासी आणि काळे यांच्याबद्दल जे लिहिलंय त्यावरून वाद झाला आणि २०१८ साली पारितोषिकाचं नाव बदललं. बैठक झाली, मतदान झालं, बदललं. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात काय काय जळलं ते ज्याच्या घरी माहीत आहे त्याने ही बातमी जरा हळू वाचावी.

आता साथीला उत्तर. आपल्यात एक सवय आहे: वाईट पुस्तक दिसलं की जाळा. मनुस्मृती जाळलीच पाहिजे होती, २५ डिसेंबर १९२७ ला जाळली, त्यावर चर्चा नको. पण पोराच्या गोष्टीतला वाघ जाळता येतो का? 'लिटल ब्लॅक सॅम्बो' नावाचं पुस्तक १८९९ साली लंडनला निघालं. लिहिणारी हेलन बॅनरमन, हिंदुस्थानात राहणाऱ्या सरकारी डॉक्टरची गोरी बायको. गोष्टीत वाघ आहेत आणि ते झाडाभोवती धावून धावून त्यांचं तूप होतं. आपलं तूप! आणि पोराचं नाव मात्र काळ्यांना चिडवायचं, चेहरा काळ्यांची टिंगल करणाऱ्या नाटकातला. अमेरिकेतल्या काळ्या पोरांना वर्गात 'सॅम्बो' म्हणून पिढ्यान् पिढ्या चिडवलं गेलं त्या पुस्तकावरून. पण गोष्टीत जीव होता. पोरगा चार वाघांना पुरून उरतो. १९९६ साली लेस्टर आणि पिंकनीने ती गोष्ट हिसकावून परत घेतली. पोराचं नाव सॅम, आणि गावात प्रत्येकाचंच नाव सॅम! आता चिडवणार कुणाला? पोरगा ऐटीत कपडे घालून निघालाय, सुंदर काळं पोर, आणि वाघ त्याच्यापुढे फजीत. जाळलं नाही. नवीन काढलं. हे जाळण्यापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एक वाघ काढून दाखवावा.

आणि हे काम फालतू आहे असं जो म्हणतो त्याला आणखी एक सांगतो. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतल्या ड्यू बॉइसला पत्र लिहिलं होतं, काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. भाषणात हे आपण सांगतो. त्याच ड्यू बॉइसने १९२० साली, सगळी लढाई चालू असताना, काळ्या पोरांसाठी मासिक काढलं, 'द ब्राउनीज बुक'. जेसी फॉसेट ही बाई ते सांभाळायची. दोन वर्षं, चोवीस अंक, मग पैशाअभावी बंद. त्यात लँग्स्टन ह्यूज नावाच्या पोराच्या पहिल्या कविता छापून आल्या. आपल्या पँथरने १९७२ मध्ये तिकडचं नाव घेतलं, डरकाळी घेतली. पोरांचं मासिक घ्यायचं राहून गेलं.

आपल्याकडे अगदीच कुणी केलं नाही असंही नाही. २०११ साली 'भीमायन' निघालं. बाबासाहेबांची गोष्ट चित्रांत काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांनी. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना त्यांनी विंचवाची नांगी काढलीय आणि सोसणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा आकार. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या किती शाखांत ते पुस्तक आहे? मी विचारलं, तीन शाखांत. एकाही ठिकाणी नाही. जयंतीच्या डीजेला पैसे आहेत.

तर संपादक, पुढच्या अंकात मला चार पानं हवीत, पोरांसाठी. पिंकनीचे जलरंग सायक्लोस्टाइलवर उतरणार नाहीत ते मलाही कळतं. रेघ उतरते. स्टेन्सिलवर लेखणी जोरात टेकली तर कागद फाटतो, म्हणून हात हलका लागतो. दोन स्टेन्सिल मी वाया घालवल्यात, पैसे पगारातून कापा. तिसरी जमलीय: पत्र्याचं घर, दारात पिंप, पत्र्यावर टायर. मागे डोंगर नाहीत. दुसरं पान ताईच्या पोरीचं आहे. बाबासाहेब तिने पुन्हा काढायला घेतलेत. या खेपेला तपकिरी खडू मी दिला नाही, तिनेच डब्यातून शोधला. चेहरा झालाय, चष्मा राहिलाय. रविवारी पहिली पाळी सुटली की घेऊन येतो.